वाळूच्या कणाची जबानी

१८८० साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून हेन्री क्लिफ्टन सॉर्बी ह्याने जे वार्षिक भाषण केले, त्याचा बराचसा भाग वाळूविषयी होता. पर्वतरांगांच्या जन्मकथा आणि लुप्त झालेल्या अजस्र प्राण्यांचे सांगाडे ह्यांची ज्या सभेला सवय, तिच्यापुढे हा गृहस्थ मोहरीहूनही बारीक अशा कणांविषयी बोलत उभा राहिला. त्याचा प्रश्न साधा होता. वाळूचा कण ज्या खडकातून सुटला तेथपासून, तो जेथे येऊन विसावला तेथपर्यंतचा प्रवास त्याच्या अंगावर उमटलेला असतो काय? आणि असल्यास तो आपल्याला वाचता येईल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता पुढची जवळजवळ दीडशे वर्षे गेली. कणाने साक्ष दिली खरी. पण ती साक्ष ऐकणाऱ्यांनी तिच्यातून वेळोवेळी इतके काही ऐकले की, कण काय बोलला आणि ऐकणाऱ्याने काय कल्पिले, हे निराळे काढण्यातच ह्या विद्येचा निम्मा इतिहास खर्ची पडला आहे.

सॉर्बी हा शेफील्डचा. चाकू-कात्र्या आणि पोलादी हत्यारे ह्यांसाठी नावाजलेल्या त्या गावात त्याच्या घराण्याचा तोच धंदा होता, आणि वडिलांच्या मागे त्याला पोटापाण्याची विवंचना उरली नाही. त्याने जन्मात कोणत्या विद्यापीठाची नोकरी केली नाही. खडकाची चीप घासून घासून इतकी पातळ करायची की तिच्यातून उजेड आरपार जावा, आणि मग ती सूक्ष्मदर्शकाखाली धरायची, ही युक्ती त्याने १८४९च्या सुमारास हाती घेतली. डोंगर पाहायला सूक्ष्मदर्शक कशाला, असे म्हणून लोक त्याला हसत. पुढे त्याने पोलादाचे तुकडे चकचकीत करून तेही त्याच भिंगाखाली पाहिले, आणि धातूंच्या अंतर्रचनेचे शास्त्र सुरू झाले. पुढे एक नौका घेऊन तो दर उन्हाळ्यात इंग्लंडच्या खाड्यांतून गाळ आणि पाणी तपाशीत हिंडे. पैसा असावा तर असा वापरलेला असावा, असे ह्या माणसाविषयी वाचताना सारखे वाटत राहते.

वाळू भिंगाखाली धरणारा तो काही पहिला नव्हे. रॉबर्ट हूकने १६६५ सालच्या आपल्या ‘मायक्रोग्राफिया’त वाळूत सापडलेल्या एका इवल्याशा शंखाचे वर्णन केले आहे, डेल्फ्टच्या लेवनहुकने वाळूच्या कणांच्या आकारांविषयी रॉयल सोसायटीला पत्र लिहिले, ते १७०४ साली छापून आले. परंतु ही मंडळी आश्चर्याने पाहणारी होती. कणाला त्याचा प्रवास विचारावा, हे त्यांच्या मनात आले नाही.

विचारायचे तर कोणत्या कणाला, हेही ठरवावे लागते. वाळू म्हणजे एक पदार्थ नव्हे, ते नुसते आकारमानाचे नाव आहे. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, काळी लोहखनिजे असतात, अभ्रकाचे पापुद्रे असतात. ह्यांत साक्षीदार म्हणून विश्वासाचा एकच: गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा कण. आपण जिला गारगोटी म्हणतो तिचाच हा बारीक भाऊबंद. तो पोलादाला ओरखडा काढील इतका कठीण. अभ्रकासारखे त्याचे पदर सुटत नाहीत. आणि ऊनपावसात बाकीच्या खनिजांची माती होते तेव्हा हा जसाच्या तसा उरतो. म्हणून त्याच्या अंगावर बसलेला घाव लाखो वर्षे टिकू शकतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ह्या बाबतीत मुका आहे, कारण बेसाल्टमध्ये गार जवळजवळ नसतेच. जुन्या ग्रॅनाइटी खडकांतून वाहत येणाऱ्या वैनगंगेची वाळू, किंवा मालवणपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावरची पांढरट पुळण, ही मात्र ह्या शास्त्राच्या उपयोगाची.

सॉर्बीने वाळूच्या कणांचे पाच प्रकार सांगितले. ग्रॅनाइटसारख्या खडकातून नुकताच सुटलेला कोनेदार कण हा पहिला. झिजून झिजून कंगोरे गेलेला, गोट्यासारखा दिसणारा हा दुसरा. तिसरा आपटून फुटलेला, काचेच्या तुकड्यासारख्या धारदार कडांचा. चौथ्याचा पृष्ठभाग रासायनिक क्रियेने खाल्लेला असतो. आणि पाचव्यावर खडकात गाडला गेल्यानंतर नव्या गारेचे लेप चढून त्याला पुन्हा स्फटिकाच्या चपट्या बाजू आलेल्या असतात. उत्तर इंग्लंडातील पेनरिथचा तांबडा वालुकाश्म उन्हात धरला तर लुकलुकतो, तो ह्या पाचव्या प्रकारामुळे: गोल कणांवर नंतर उगवलेल्या स्फटिकांच्या बाजू चमकतात. सॉर्बीच्या ह्या यादीत एक शहाणपण आहे, ते नंतरच्या काहींना आठवले असते तर बरे झाले असते. त्याने ‘समुद्राचा कण’, ‘वाळवंटाचा कण’ अशी नावे दिली नाहीत. कणाला काय झाले एवढेच त्याने सांगितले, कोठे झाले ते नाही.

‘कोठे’चा मोह पुढे आला, आणि तो वाळवंटातून आला. वाळवंटातील कण पुष्कळदा गोल असतात, इंग्रज भूशास्त्रज्ञ अशा वाळूला तृणधान्याच्या दाण्याची उपमा देत. आणि त्यांचा पृष्ठभाग दुधी काचेसारखा धूसर असतो. समुद्रकिनाऱ्यावरचा कण तसा नसतो. तो ओला नसतानाही तुळतुळीत दिसतो. वारा कणावर कण आपटतो, त्या असंख्य टिचक्यांनी कणाची काच दुधी होते, हे स्पष्टीकरण इतके सरळ होते की ते कोणी तपासून पाहण्याची गरजच वाटेना. जुन्या वालुकाश्मात गोल, दुधी कण सापडले की तेथे एके काळी वाळवंट होते, असे निदान ठोकून देण्याची रीत पडली.

ह्या रीतीला शास्त्राची बैठक दिली ती आंद्रे कायू ह्या फ्रेंच संशोधकाने. १९४२ साली, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याचा मोठा प्रबंध प्रसिद्ध झाला. युरोपच्या ठिकठिकाणच्या वाळूतील कण त्याने मोजले आणि त्यांची तीन घराणी पाडली: न झिजलेले, बोथट आणि चकचकीत, गोल आणि धूसर. पहिले खडकातून ताजे सुटलेले, दुसरे पाण्याने घासलेले, तिसरे वाऱ्याने. मोजणी हे त्याचे खरे बळ. एक कण पाहून बोलायचे नाही, शेकडा किती कण कोणत्या घराण्याचे ते सांगायचे. उत्तर युरोपच्या मैदानात धूसर कणांचे प्रमाण मोठे निघाले, आणि त्यावरून हिमयुगात बर्फाच्या कडेकडेने उघड्या जमिनीवर घोंघावणाऱ्या वाऱ्यांचे चित्र त्याने उभे केले. हे चित्र पुढे इतर पुराव्यांनीही बव्हंशी खरे ठरले. तथापि निष्कर्ष खरा निघाला म्हणून त्याखालचे गृहीतही खरे असते असे नाही.

ते गृहीत तपासायला घेतले नेदरलंड्समधील ग्रोनिंगेनच्या फिलिप क्यूनेन ह्याने. त्याच्याआधी फ्रान्सच्या ओग्युस्त दोब्रे ह्याने एकोणिसाव्या शतकात दगडांचे तुकडे पाण्याबरोबर पिंपात घालून फिरवले होते, आणि एक दशांश मिलिमीटरहून बारीक कण पाण्यात तरंगत जातात, त्यामुळे ते गोल होतच नाहीत, असे दाखवले होते. क्यूनेनने हे काम पाणी आणि वारा दोहोंसाठी पद्धतशीर केले. निघाले ते असे की, नदी वाळूच्या कणाला जवळजवळ घाशीतच नाही. पाण्याची गादी मधे असते, कण कणावर आपटतो तो अगदी हळू. हवा पाण्याहून सुमारे आठशे पटींनी विरळ. तिच्यात उसळी घेतलेला कण खाली येतो तो गोळीसारखा. वाळवंटात मोटारी घालून हिंडलेल्या ब्रिटिश लष्करातील राल्फ बॅग्नोल्ड ह्याने वाळूच्या ह्या उड्यांचे गणित १९४१ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलेच होते. तेवढ्याच अंतराच्या प्रवासात वारा नदीच्या शंभर ते हजार पट झीज करतो, असा क्यूनेनचा हिशेब. गंगासागरापर्यंत वाहत गेलेला कण हिमालयात होता तसाच कोनेदार असू शकतो, हे आपल्या नदीविषयीच्या कल्पनांना जरा धक्का देणारे आहे. नदीतल्या गोट्यांचा गोलवा आपण वाळूलाही लावतो, तो लागू पडत नाही.

मग वाऱ्याने गोल केलेला कण धूसरही वाऱ्यानेच होतो काय? १९६२ साली क्यूनेन आणि त्याचा सहकारी पेर्डोक ह्यांनी उत्तर दिले: मुख्यतः नाही. धूसरपणा आणतो तो दव. वाळवंटातल्या रात्री कणावर दवाचा पातळ थर धरतो, गारेचा अत्यल्प अंश त्यात विरघळतो, सकाळी ऊन्ह चढले की पाणी उडून जाते आणि विरघळलेले पुन्हा कणावर बसते. असे हजारो वर्षे चालले की काच दुधी होते. वाऱ्याच्या टिचक्यांचा वाटा त्यात थोडा. ज्या खुणेला पिढ्यान् पिढ्या वाऱ्याची सही समजत होते, ती बरीचशी पाण्याची निघाली. तीही वाळवंटातल्या पाण्याची!

योगायोग असा की, त्याच १९६२ साली ‘सायन्स’ ह्या अमेरिकन नियतकालिकात डेव्हिड क्रिन्स्ली आणि तारो ताकाहाशी ह्यांचा एक छोटासा लेख आला, आणि वादाची पातळीच बदलली. साध्या सूक्ष्मदर्शकाला दोन अडचणी होत्या. प्रकाशाच्या लहरींच्या लांबीमुळे मिलिमीटरच्या पाच-एक हजाराव्या भागाहून बारीक काही त्याला दिसत नाही. आणि कणासारख्या उंचसखल वस्तूचा एक उंचवटा स्पष्ट केला तर बाजूचा खळगा पुसट होतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जर्मनीत १९३१ सालीच तयार झाला होता. पण इलेक्ट्रॉन कणातून आरपार जात नाहीत. तेव्हा आधी कणाच्या पृष्ठभागाचा अतिशय पातळ ठसा घ्यायचा, आणि कण बाजूला ठेवून तो ठसा पाहायचा, अशी खटपट. मुद्देमाल सोडून बोटांचे ठसे तपासावे तशातला हा प्रकार. क्रिन्स्ली-ताकाहाशींना समुद्रकिनारा, वाळूच्या टेकड्या आणि हिमनद्या ह्यांच्या कणांवर निरनिराळ्या खुणा आढळल्या. शिवाय प्रयोगशाळेत वाळू घुसळून त्यांतल्या काही खुणा त्यांनी स्वतः उमटवूनही पाहिल्या. ताकाहाशी पुढे समुद्र आणि हवा ह्यांतील कर्बवायूच्या देवघेवीच्या अभ्यासाने विख्यात झाला. क्रिन्स्लीने मात्र वाळू सोडली नाही.

ह्या खुणा कशा दिसतात? किनाऱ्यावरच्या लाटांत कण पाण्यातून एकमेकांवर टणाटण आदळतात, तेथे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे, म्हणजे छिन्नीचा कोपरा रुतावा तसे, इवलेसे खळगे पडतात. लाटांचा जोर जितका अधिक तितके ते दाट. संथ नदीच्या कणावर विरळ. वाऱ्याने आपटलेल्या कणावर वेगळेच दृश्य: गोलाईभर समांतर पापुद्रे किंचित उभे राहिलेले, चुन्याची जुनी भिंत पोपडे धरते तसे, आणि त्यांच्यावरून दवाच्या त्या गारेचा साखरेच्या पाकासारखा गुळगुळीत थर. हिमनदीखाली भरडलेल्या कणावर शंखाच्या वळशांसारखे मोठमोठे भंग, पायऱ्या, समांतर ओरखडे आणि तीक्ष्ण कडा. उष्ण, ओलसर मातीत दीर्घकाळ पडलेल्या कणावर कोरलेले त्रिकोणी खड्डे. हे त्रिकोणी खड्डे आणि लाटांचे ‘व्ही’ खळगे नवशिक्याला सारखेच भासतात. पण रसायनाने कोरलेले खड्डे स्फटिकाच्या अंतर्रचनेला धरून एकाच दिशेला तोंड करून बसतात, तर आपटण्याचे खळगे वाटेल त्या दिशेला असतात. उलटतपासणी म्हणतात ती ही.

१९६५ साली केंब्रिजच्या कारखान्यातून ‘स्टिरिओस्कॅन’ हा पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉनांची शलाका फिरवणारा सूक्ष्मदर्शक विक्रीस आला आणि ठशांची खटपट संपली. कण आम्लात उकळून स्वच्छ करायचा, त्यावर सोन्याचा अणुमात्र मुलामा चढवायचा, की त्याच्या दऱ्याखोऱ्या खालपासून वरपर्यंत एकाच वेळी स्पष्ट. १९७३ साली क्रिन्स्ली आणि डोर्नकॅम्प ह्यांनी अशा छायाचित्रांचा एक चित्रकोशच प्रसिद्ध केला. ती चित्रे पाहताना चंद्रावरच्या विवरांची आठवण होते. कोश हाती आल्यावर जगभर वाळूचे कण तपासले जाऊ लागले, आणि पुन्हा जुना मोह बळावला: चित्राशी चित्र जुळवा, कणाचा गाव सांगा.

हा मोह सर्वांत जास्त धोक्याचा ठरला तो बर्फाच्या बाबतीत. बर्फाचे ओरखडे ही भूशास्त्रातली जुनी, प्रतिष्ठित खूण. आपल्याकडे चांदा जिल्ह्यात, पैनगंगेच्या परिसरात इरई गावाजवळ, चुनखडीच्या खडकावर समांतर घासलेल्या रेघा सापडल्या. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या फ्रान्सिस फेडनने १८७५ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आजच्या चंद्रपूरच्या उन्हात उभे राहून, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी येथून बर्फ सरकत गेले, हे मानायला त्या काळी मन धजत नसे. पण तेथे घासलेला खडक होता, त्यावर तालचेर थरांतले लहानमोठे धोंडे होते, शेजारच्या प्रांतांतही तेच थर होते. एकाच्या साक्षीला दुसऱ्याचा दुजोरा होता. वाळूच्या सुट्या कणाला असा शेजार नसतो. १९७० साली मार्गोलिस आणि केनेट ह्या दोघांनी अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळ्यांत गारेचे कण शोधले, त्यांवरचे भंग पाहिले, आणि हे कण हिमनगांनी वाहून आणले असे ठरवून तेथील हिमनद्यांचा इतिहास इओसीन कालखंडापर्यंत, म्हणजे पाच कोटी वर्षांच्याही आसपास, मागे नेला. सबंध पृथ्वीच्या हवामानाचा हिशेब मूठभर कणांवर! अंटार्क्टिकावर मोठे हिमछत्र सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी पसरले, हे आता इतर पुराव्यांनी बहुमान्य आहे. त्यापूर्वी तेथे बर्फ कितपत होते, हा वाद मात्र मिटलेला नाही.

आणि कणाच्या साक्षीवर सर्वांत मर्मभेदी आक्षेप कोणी घ्यावा? खुद्द क्रिन्स्लीने, ब्रायन व्हॉली ह्याच्या बरोबरीने. १९७४ साली ह्या दोघांनी हिमनद्यांच्या वर, आत आणि खाली सापडणारे कण तपासले. खाली दळून निघालेल्या कणांवर एक नमुना, आणि वर नुसते दरडीतून पडलेल्या कणांवर दुसरा, असे काही त्यांना आढळले नाही. कारण समजायला सोपे आहे: गार फुटली की ती गारेसारखीच फुटते, मग तिला बर्फाने फोडो, दरडीने फोडो, की हातोड्याने फोडो. जी खूण ‘हिमनदीची’ म्हणून बारा वर्षे मिरवत होती, ती नुसती ‘फुटण्याची’ होती. सॉर्बीचा तिसरा प्रकार! स्वतःच्या हातांनी उभारलेल्या इमारतीची एक भिंत संशोधकाने स्वतः पाडावी, ह्याचे मला क्रिन्स्लीच्या चित्रकोशाहूनही अधिक मोल वाटते.

ह्यातून विद्या बुडाली नाही, शहाणी झाली. एका खुणेवरून निवाडा नाही. खुणांचा समुच्चय पाहायचा. एक कण नाही. अनेक कण, आणि त्यांत कोणती खूण किती जणांवर आहे ते मोजायचे, म्हणजे कायूच्या मोजणीकडे परत यायचे. आणि खुणांचा क्रम लावायचा. जुन्या शिलालेखावर नंतरच्या कोणी नाव कोरावे, तसा नवा घाव जुन्या घावाला छेदून जातो. भंगाच्या धारा बोथट झाल्या असतील आणि त्यांवर ‘व्ही’ खळगे असतील, तर कण आधी फुटला आणि मग लाटांत सापडला. कणाच्या खोल खबदाडात जुन्या रसायनाचे कोरीवकाम शाबूत असेल आणि उंचवटे ताजे झिजलेले असतील, तर त्याचा मागचा जन्मही हाती लागतो. १९८३ साली ब्रिटनमधील काही संशोधकांनी तपासनीसांचीच परीक्षा घेतली: तेच नमुने निरनिराळ्या माणसांनी पाहिले तर निष्कर्ष बदलतात काय? माणसामाणसांतला फरक होता. पण निरनिराळ्या स्थळांच्या वाळूतला फरक झाकून टाकील इतका तो नव्हता.

ही काटेकोरी केवळ पंडितांच्या समाधानाची गोष्ट नव्हे, कारण मधल्या काळात वाळू खरोखरीच्या न्यायालयात जाऊन पोहोचली. त्याची पूर्वपीठिका जुनी आहे. प्रशियाच्या रेल्वेतून पाठवलेल्या चांदीच्या नाण्यांच्या पिंपात पोहोचल्यावर वाळू निघाली. बर्लिनच्या एरेनबर्ग ह्या प्राध्यापकाने वाटेतल्या स्टेशनांवरची वाळू सूक्ष्मदर्शकाखाली ताडून, पिंपातली कोणत्या स्टेशनची ते सांगितले, अशी हकीकत १८५६ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये छापून आली होती. अलीकडे ब्रिटनमध्ये पीटर बुल ह्याच्यासारख्या संशोधकांनी बुटाच्या तळव्याला, मोटारीच्या चाकाला चिकटलेले गारेचे कण खटल्यांच्या तपासात वापरले. येथे ‘जुळले’ म्हणण्याची किंमत एखाद्याच्या स्वातंत्र्याएवढी असते. एकाच पुळणीचे कण चार गावांना सापडतील, बांधकामाची वाळू तर कोठल्या कोठे जाते. म्हणून बुल आणि त्याची सहकारी रूथ मॉर्गन ह्यांनी आग्रहाने मांडले की, ही परीक्षा वगळण्यासाठी वापरावी. ‘ह्या बुटावरची वाळू त्या जागेची नाही’ हे ठामपणे सांगता येते. ‘त्याच जागेची आहे’ हे त्या ठामपणाने सांगता येत नाही. 

२०२४ साली स्टॅनफर्डच्या काही संशोधकांनी हे काम संगणकाकडे दिले. नदी, किनारा, वाळूच्या टेकड्या आणि हिमनद्या ह्यांतल्या आजच्या कणांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली छायाचित्रे दाखवून त्याला आधी शिकवले, आणि मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्मांतले कण त्याच्यापुढे ठेवले. यंत्राला कंटाळा नाही, आवडता सिद्धान्तही नाही, ही त्याची जमेची बाजू. परंतु प्राचीन कणांवर दगडात गाडले गेल्यानंतरचे लेप असतात, पेनरिथच्या कणांवर आहेत तसे. त्यांच्याखाली लाटांचे, वाऱ्याचे सारे अक्षर झाकले जाते. तेव्हा कोणते कण यंत्रापुढे ठेवायचे आणि कोणते बाजूला सारायचे, हे सॉर्बीचा पाचवा प्रकार ओळखणाऱ्या माणसालाच अजून पाहावे लागते.